लहान टॉवरचा टीव्ही: अमेरिकेतल्या स्पॅनिश केंद्रांची गोष्ट

मागच्या महिन्यात आम्ही रेकॉर्डिंगला एका वाडीवरच्या बचत गटात गेलो होतो. हप्त्याचा हिशोब आटोपला, चहा आला, आणि एका ताईंनी आम्हालाच प्रश्न विचारला. "तुमचा रेडिओ माझ्या माहेरी, खिंडीच्या पलीकडे का लागत नाही? आणि रेडिओ काढलात तसा टीव्ही का नाही काढत?" दुसऱ्या एक काकू लगेच म्हणाल्या, "अगं, टीव्ही काय आपल्यासारख्यांचा असतो का?"

काकूंचं ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. कारण टीव्ही आपल्यासारख्यांचाही होता. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, पण शेतात राबणाऱ्या आणि कारखान्यात खपणाऱ्या माणसांसाठी, त्यांच्या घरातल्या बोलीत चालणारा. आजच्या बोलण्यात त्याचीच गोष्ट सांगतो. खिंडीचं उत्तरही त्यातच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला टेक्सास नावाचं राज्य आहे, मेक्सिको देशाला लागून. एकेकाळी ते मेक्सिकोतच होतं. त्यामुळे तिथली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलतात. ती माणसं बाहेरून आलेली नाहीत, सीमारेषाच त्यांच्या डोक्यावरून सरकली. आपल्याकडे भाषावार राज्यं झाली तेव्हा बेळगावकडच्या मराठी माणसांचं काय झालं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात अशी वस्ती मोठी. पण रेडिओ सगळा इंग्रजीत. स्पॅनिश कार्यक्रम करायचा तर इंग्रजी केंद्राकडून तासाच्या भावाने वेळ विकत घ्यायची, आणि मिळायची तीही आडवेळेची.

अशी वेळ विकत घेऊन कार्यक्रम करणाऱ्यांत राऊल कोर्तेस नावाचे एक गृहस्थ होते. जन्म 1905चा, मेक्सिकोतल्या वेराक्रूस प्रांतातला. आधी वर्तमानपत्रात काम केलं, मग रेडिओवर. दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस दुकान मांडायचं, असं त्यांना वाटलं असावं. दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्यांनी स्वतःच्या केंद्राचं लायसन्स मागितलं, आणि 1946 साली पूर्णवेळ स्पॅनिश रेडिओ सुरू केला. नाव के-सी-ओ-आर, त्यांच्या आडनावाची पहिली अक्षरं घेऊन. स्पॅनिश भाषकाच्याच मालकीचं, दिवसभर स्पॅनिश बोलणारं अमेरिकेतलं ते पहिलं केंद्र समजलं जातं.

मग 10 जून 1955 रोजी त्यांनी टीव्ही केंद्र सुरू केलं. वाहिनीचा नंबर 41. हा आकडा लक्षात ठेवा, खरी मेख त्यातच आहे.

अमेरिकेत टीव्हीच्या वाहिन्यांना नंबर होते. 2 ते 13 या जुन्या, मोक्याच्या जागा. त्या मोठ्या इंग्रजी कंपन्यांनी आधीच धरल्या होत्या. 1952 साली सरकारने वरच्या, म्हणजे 14 ते 83 नंबरच्या जागा खुल्या केल्या. आपल्याकडे सिलिंगची जमीन वाटताना गावाजवळचं पाण्याखालचं रान कुणाला मिळालं आणि माळावरचं कुणाला, तसाच प्रकार. 41 नंबर म्हणजे माळरान.

का, ते सांगतो. रेडिओ असो की टीव्ही, टॉवरवरून निघते ती लाट. 2 नंबरच्या वाहिनीची लाट पाच-साडेपाच मीटर लांब असते. 41 नंबरची जेमतेम अर्धा मीटर. लांब लाट टेकाडाच्या, घराच्या कडेने थोडी वळते, अडथळा ओलांडते. आखूड लाट सरळ जाते आणि डोंगर आला की थांबते. आपल्या रेडिओची लाट साधारण तीन मीटरची. तीही डोंगराला फारशी जुमानत नाही असं नाही. आमचा टॉवर खिंडीच्या अलीकडे, पलीकडचं गाव डोंगराच्या सावलीत. उन्हासारखीच लाटेलाही सावली असते. ताई, तुमच्या माहेरी रेडिओ का लागत नाही याचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं ताकदीचं, त्याकडे पुढे येतो.

41 नंबरची दुसरी अडचण याहून मोठी होती. त्या काळच्या बहुतेक टीव्ही संचांत 13च्या वरच्या वाहिन्या लागायच्याच नाहीत. त्यासाठी कन्व्हर्टर नावाचा वेगळा डबा विकत घेऊन जोडावा लागे. म्हणजे ज्यांच्यासाठी हे केंद्र काढलं, ती माणसं गरीब, त्यांनी आधी कसाबसा टीव्ही घ्यायचा, आणि वर आपली भाषा ऐकायला डब्याचे पैसे भरायचे. इंग्रजी मात्र फुकट. तरी लोकांनी डबे घेतले. संध्याकाळी स्टुडिओतून थेट गाणी-बजावणी आणि नकला, मग मेक्सिकोतले सिनेमे. ज्यांच्याकडे डबा, त्यांच्याकडे शेजारपाजार जमणार हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याकडे रविवारी रामायण लागायचं तेव्हा कुणाच्या घरात किती चपला होत्या, आठवतं ना?

पण शेजारपाजार मोजणार कोण? जाहिरातदार म्हणायचे, तुमचे प्रेक्षक किती ते कागदावर दाखवा. आणि बघणाऱ्यांची मोजणी करणारे इंग्रजी घरांपुरतंच बघायचे. त्यातून, या वस्तीत पैसा नाही, मग इथे साबण कोण विकत घेणार, असा एक पक्का समज. जशी काही गरीब माणसं साबण लावतच नाहीत! तोटा वाढत गेला. 1961 साली कोर्तेस यांनी टीव्ही केंद्र विकलं. घेणाऱ्यांच्या गटात त्यांचे जावई एमिलिओ निकोलास होते, आणि मेक्सिकोतले मोठे प्रसारण उद्योजक एमिलिओ अस्कार्रागा होते. केंद्राचं नाव के-डब्ल्यू-ई-एक्स झालं.

निकोलास यांचीही गंमत आहे. शिक्षण जीवशास्त्र-रसायनशास्त्राचं, आणि पोलिओच्या लशीच्या संशोधनात काम केलेला माणूस. सासऱ्यांच्या केंद्रात आला आणि आयुष्यभर टीव्हीतच राहिला. (जावई सासऱ्याच्या धंद्यात शिरला की काय होतं, यावर आपल्या गावात वेगवेगळी मतं आहेत, ती आज नको.)

1962 साली दोन गोष्टी घडल्या. लॉस एंजेलिस शहरात 34 नंबरवर के-मेक्स नावाचं स्पॅनिश केंद्र सुरू झालं. आणि अमेरिकन संसदेने कायदा केला की इथून पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्ही संचात सगळे नंबर लागलेच पाहिजेत. 1964पासून तो लागू झाला. हा कायदा काही स्पॅनिश लोकांसाठी केलेला नव्हता, पण डब्याचा खर्च वाचला तो त्यांचाही. कधीकधी दुसऱ्याच्या शेताला सोडलेलं पाणी आपल्या बांधावरूनही झिरपतं.

कार्यक्रम कुठून यायचे? बहुतेक मेक्सिकोतून, टेपवर. एका केंद्राने दाखवून झाली की टेप पुढच्या केंद्राकडे रवाना, तिथून त्याच्या पुढे. आपल्याकडे एकच चित्रपट रिळं फिरवत दोन तंबूत चालायचा, तसं. 1976 साली उपग्रहाची सोय झाली आणि टेपांची ही दिंडी थांबली. अमेरिकेत आपली केंद्रं उपग्रहाने जोडण्यात हे स्पॅनिश जाळं अगदी आघाडीवर होतं, मोठ्या इंग्रजी कंपन्यांच्याही आधी. गरजच तशी होती. त्यांची केंद्रं थोडी आणि लांबलांब विखुरलेली.

मेक्सिकोच्या मालिकांचा एक धागा थेट आपल्या घरात येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. 1969 साली पेरू देशात 'सिंप्लेमेंते मारिया' नावाची मालिका आली. खेड्यातून शहरात मोलकरणीच्या कामाला आलेली मारिया लिहायला-वाचायला शिकते, शिवणकाम शिकते, आणि मशीनवर स्वतःचं आयुष्य उभं करते. ती बघून ठिकठिकाणी बायका साक्षरता वर्गात जाऊ लागल्या, शिलाई मशीनचा खप वाढला. मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांनी हे बारकाईने पाहिलं आणि ठरवून तशा मालिका केल्या, 1975 साली प्रौढ साक्षरतेवर, 1977 साली कुटुंब नियोजनावर. त्यांच्याकडून धडा घेऊन आपल्या दूरदर्शनने 7 जुलै 1984 रोजी जी मालिका सुरू केली ती 'हम लोग'. बडकी, मझली, छुटकी आठवतात का? शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. आपल्या आयांनी ती बघितली तेव्हा त्यांना काय ठाऊक, की या मालिकेचं आजोळ मेक्सिकोत आहे.

आता थोडं अवघड. आपल्या भाषेत मालिका दिसणं वेगळं आणि आपल्या गल्लीतली बातमी दिसणं वेगळं. लॉस एंजेलिसच्या के-मेक्सवर 1970 साली रुबेन सालासार बातम्यांचे प्रमुख झाले. शहरातल्या सर्वांत मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून ते या लहान केंद्रात आले, कारण आपण ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचं होतं. पोलीस स्पॅनिश वस्तीत कसे वागतात यावर ते सतत बोलत. 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा मोठा मोर्चा निघाला, पोलिसांनी तो उधळला. सालासार दिवसभर वार्तांकन करून एका छोट्या उपाहारगृहात बसले होते. शेरीफच्या एका शिपायाने आत अश्रुधुराचं नळकांडं झाडलं, ते त्यांच्या डोक्याला लागलं आणि ते जागीच गेले. कुणावरही खटला चालला नाही. केंद्र लहान म्हणून त्याच्या बातमीची किंमत लहान नसते, हे त्या वस्तीला तेव्हाच कळलं.

आता येते लहान टॉवरची खरी गोष्ट. 1970च्या दशकाअखेर मोठ्या शहरांत मोठ्या ताकदीच्या जागा संपत आल्या होत्या. स्पॅनिश बोलणारी माणसं मात्र देशभर वाढत होती. तेव्हा तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे प्रसारणाच्या सरकारी मंडळाने, एक नवा दर्जा काढला: लघुशक्ती टीव्ही. अशी कल्पना करा की मोठ्या बागायतदारांच्या शेतांमध्ये बांधालगत पट्ट्या उरल्या आहेत. त्या पट्ट्यांत कमी ताकदीचं लहान केंद्र लावा, पंधरा-वीस मैलांपर्यंत दिसेल, पुरे. डोंगराळ भागातल्या खेड्यांनी दूरच्या केंद्राचं चित्र पकडून पुढे ढकलणारी यंत्रं आधीच बसवली होती. नवीन सवलत ही, की आता लहान केंद्राला नुसतं पुढे ढकलण्याऐवजी स्वतःचं काही दाखवताही येईल.

अर्जांचा पाऊस पडला, हजारोंनी. मंडळाने 1981 साली अर्ज घेणंच थांबवलं. 4 मार्च 1982 रोजी पक्के नियम आले, आणि 1983पासून एकाच जागेसाठी अनेक अर्ज असतील तर चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत जशी काढतात, तशीच सोडत. अल्पसंख्य समाजातल्या अर्जदारांना, आणि ज्यांच्याकडे दुसरं केंद्र नाही त्यांना, सोडतीत जास्त वजन. अर्थात सोडत म्हटली की नावापुरते उभे राहणारेही आलेच. मोठ्या कंपन्यांनीही ढिगाने अर्ज टाकले होते.

केंद्राच्या नावातच त्याचा दर्जा कळायचा. मोठ्या केंद्राला चार अक्षरांचं नाव, आणि लहानाला मोटारीच्या नंबरप्लेटसारखं: मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला असेल तर 'के', पूर्वेला 'डब्ल्यू', मग वाहिनीचा आकडा, मग दोन अक्षरं. पुढे नव्वदच्या दशकात लहानांनाही चार अक्षरांचं नाव घेता येऊ लागलं, पण मागे शेपूट जोडून.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कायद्याच्या एका शब्दात होती. लहान केंद्र 'दुय्यम'. म्हणजे मोठ्या केंद्राच्या चित्रात त्याने अडथळा आणायचा नाही. मोठ्याने याच्या चित्रात अडथळा आणला तर तक्रार करायची नाही. आणि मोठ्याला ती जागा हवी झाली तर लहानाने उठायचं आणि दुसरी जागा शोधायची. हा नियम वाचून दाखवला तेव्हा आमच्या रेकॉर्डिंगवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "म्हणजे नवी सून की!" केबलवाल्यांवरही अशी केंद्रं दाखवायची सक्ती नव्हती. मोठी केंद्रं त्यांना दाखवावीच लागत.

तरीही या पट्ट्यांवर स्पॅनिश टीव्ही रुजला. अनेक शहरांत स्पॅनिश जाळ्यांचे कार्यक्रम लोकांपर्यंत पोचले ते याच लहान टॉवरवरून. साधारण रचना अशी, की उपग्रहावरून मालिका आणि देशाच्या बातम्या घ्यायच्या, मध्ये स्थानिक दुकानांच्या जाहिराती, आणि जमेल तेवढं गावचं. जमेल तेवढं म्हणजे किती, हाच वादाचा मुद्दा. उपग्रहाची तार उघडली की चोवीस तास भरतात, गावचा अर्धा तास करायचा तर माणसं लागतात. बऱ्याच केंद्रांनी सोपं तेच केलं. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. रोजचे चार तास भरताना आमचीही काय तारांबळ होते, ते आम्हालाच माहीत.

या सगळ्यात मालकी कुणाची, हाही प्रश्न होताच. परदेशी माणसाला केंद्रात 20 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा ठेवता येत नाही असा अमेरिकेचा कायदा. त्या जाळ्याच्या दोऱ्या खरं तर मेक्सिकोतून हलतात असा निर्णय 1986 साली झाला आणि केंद्रं विकावी लागली. घेतली कुणी, तर शुभेच्छापत्रं छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीने. तेच जाळं पुढे युनिव्हिजन या नावाने मोठं झालं.

1999 साली संसदेला लहानांची दया आली. जे लघुशक्ती केंद्र दिवसाचे निदान 18 तास चालतं आणि आठवड्याला सरासरी 3 तास आपल्याच भागात तयार केलेले कार्यक्रम दाखवतं, त्याला 'अ वर्ग' द्यायचा. मग त्याला उठवता येणार नाही. बघा, गावचा अर्धा तास करणाऱ्यांना शेवटी सात-बाऱ्यावर नाव मिळालं. ज्यांनी फक्त उपग्रहाची तार उघडून ठेवली होती, ते दुय्यमच राहिले.

मग आला डिजिटल टीव्ही. जुन्या टीव्हीत लाट कमजोर झाली की मुंग्या यायच्या. कुणीतरी कौलांवर चढून काडी फिरवायचं, खालून ओरडायचं "आलं, आलं... गेलं!" मुंग्यांमधूनही माणूस ओळखू यायचा, आवाज तर यायचाच. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. लाट पुरेशी असेल तर चित्र लख्ख, नसेल तर काहीच नाही. 12 जून 2009 रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुनं प्रसारण बंद केलं. जुने टीव्ही संच असणाऱ्यांना सरकारने डबा घ्यायला 40 डॉलरची कुपनं दिली. लहान केंद्रांना मात्र अजून जुन्याच पद्धतीने चालायची मुभा होती, आणि घोळ असा झाला की त्या सरकारमान्य डब्यांपैकी अनेक डबे जुनी लाट आत येऊच द्यायचे नाहीत. डबा जोडला की लहान केंद्र गायब. 1955 साली आपली भाषा दिसायला डबा घ्यावा लागला होता. 2009 साली त्याच गरीब घरातून डब्यानेच ती घालवली. लहान केंद्रांची संघटना कोर्टात गेली, हरली, आणि त्याच वर्षी पैशाअभावी बंद पडली.

उरलीसुरली कसर मोबाईलने काढली. फोनच्या इंटरनेटला हवेतली जागा हवी, म्हणून 2016-17 साली सरकारने टीव्हीच्या जागांचा लिलाव केला. 38 ते 51 नंबरच्या वाहिन्या फोन कंपन्यांकडे गेल्या. जागा सोडणाऱ्या मोठ्या आणि अ वर्गाच्या केंद्रांना मिळून सुमारे 10 अब्ज डॉलर मिळाले. दुय्यम केंद्रांना जागा विकायचा हक्कच नव्हता, कारण जागा त्यांची कधी नव्हतीच. त्यांनी फक्त हलायचं. हलण्याच्या खर्चासाठी संसदेने नंतर थोडे पैसे दिले. 13 जुलै 2021 रोजी लघुशक्ती केंद्रांचंही जुनं प्रसारण थांबलं. सॅन अँटोनिओमधली ती पहिली इमारत 2013 साली पाडली गेली. ती पडू नये म्हणून आडवे झालेल्यांना पोलिसांनी उचललं.

या हकिगतीत बायकांची नावं फारशी सापडत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याही आलं. म्हणून एक रेडिओचं नाव सांगतो. वॉशिंग्टन राज्यात, सफरचंदांच्या बागांच्या याकिमा खोऱ्यात, ग्रँजर नावाचं छोटं गाव आहे. तिथे डिसेंबर 1979 मध्ये शेतमजुरांसाठी स्पॅनिश रेडिओ सुरू झाला, के-डी-एन-ए. ही अक्षरं सलग म्हटली की स्पॅनिशमध्ये 'कादेना' ऐकू येतं, म्हणजे साखळी. तो उभारणाऱ्या चौघांत रोसा रामोन होत्या, आणि केंद्राच्या व्यवस्थापकही त्याच. बागेत फळं तोडणाऱ्या बायकांना त्यांनी माईकपुढे बसवलं, यंत्रं चालवायला शिकवलं.

आता त्या ताईंचे प्रश्न. ताकदीचं बोलायचं तर अमेरिकेतलं मोठं डिजिटल टीव्ही केंद्र 10 लाख वॅटपर्यंत जातं, लघुशक्तीचं 15 हजारांपर्यंत. आपल्या समाज रेडिओला परवानगी 100 वॅटची, टॉवर 30 मीटरचा. दहा-बारा किलोमीटर आवाज जातो तोही नशीब. शिवाय टीव्हीचं चित्र हवेत जागा फार खातं. तिथल्या एका टीव्ही वाहिनीच्या जागेत आपल्यासारखे तीस रेडिओ बसतील.

आणि टीव्ही का नाही? आपल्याकडे 1984च्या सुमारास दूरदर्शनने जवळजवळ रोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभारली, तालुक्यातालुक्यात टॉवर आले. पण ते दिल्ली-मुंबईचं पुढे ढकलायचे, गावचं काही दाखवायला तिथे कॅमेराच नव्हता. 2022च्या मार्चपर्यंत त्यातले बहुतेक बंदही झाले. वेगळा प्रयोग गुजरातेत खेडा जिल्ह्यात झाला होता. पीज गावातला छोटा ट्रान्समीटर, 1975पासून, गुजरातीत, गावकऱ्यांना घेऊन केलेले कार्यक्रम. 1985 साली तो तिथून उचलून मद्रासला नेला, लोकांनी विरोध केला तरी. आज आपल्या देशात 2006पासून गावच्या संस्थेला रेडिओचं लायसन्स मिळू शकतं. टॉवरवरून चालणाऱ्या टीव्हीचं मिळत नाही, ते फक्त दूरदर्शनकडे आहे.

तेव्हा ताई, टीव्ही काढायचं तूर्त जमणार नाही. पण खिंडीचं काहीतरी करू. तुमच्या माहेरच्या गटाकडे एखादा पेन ड्राइव्ह आणि भजनी मंडळाचा स्पीकर असेल तर आठवड्याचे कार्यक्रम भरून आम्ही बाजाराच्या दिवशी एसटीने पाठवतो. मेक्सिकोच्या टेपा अशाच फिरायच्या. गटाच्या अध्यक्षांना सांगा, फोन नंबर ह्याच अंकाच्या मागच्या पानावर आहे.